सर्व्हर निघाले नवी मुंबईला

प्रश्न : आमची सांगलीत पतसंस्था आहे. २०१९च्या महापुरात कार्यालयात पाणी शिरलं तेव्हा सर्व्हर कसेबसे वरच्या मजल्यावर चढवले. २०२१मध्ये पुन्हा तीच धावपळ. आता संचालक मंडळाने ठराव केला आहे, की तिन्ही सर्व्हर नवी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर ठेवायचे. विक्रेता म्हणतो, ‘गाडीत घाला, नेऊन लावतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.’ खरंच एवढं सोपं असतं का? आम्ही आधी काय तयारी करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : विक्रेता खोटं बोलत नाहीये. रॅकमध्ये तीन सर्व्हर बसवून वायरी जोडायला अर्धा दिवस पुरतो. पण तो अर्धा दिवस सुरळीत जायचा असेल तर आधीचे काही आठवडे सांगलीतच खपावं लागतं. ते काम विक्रेत्याच्या बिलात नसतं, म्हणून तो त्याबद्दल बोलत नाही.

आज तुमचा सर्व्हर अडकला तर कुणीतरी उठून त्या खोलीत जातं आणि बटण दाबतं. उद्या ते बटण सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर असेल, दोन-तीन कुलुपांच्या आड, आणि तिथं पोचायला आधी परवानगी काढावी लागेल. म्हणून तयारीची कसोटी एकच धरा : सांगली सोडल्यावर या यंत्राला कुणाचा हात लागायची वेळ येता कामा नये.

कोलोकेशनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये आपली यंत्रं ठेवताना, जागा, वीज, थंड हवा आणि पहारा त्यांचा. यंत्र, सॉफ्टवेअर, बॅकअप आणि त्या सगळ्याची डोकेदुखी आपली. हे संचालक मंडळाला एकदा नीट समजावून सांगा. ‘आता सगळं तेच बघतील’ असा समज अनेक ठिकाणी आढळतो.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करा, कारण बेत फसला तर बहुधा तिथंच फसतो. तुमचं लेखा सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, की प्रत्येक टेबलावरचा संगणक सर्व्हरवरच्या फाइली थेट उघडतो? दुसरा प्रकार असेल तर थांबा. कार्यालयातल्या जाळ्यात एका निरोपाला जाऊन यायला एक मिलिसेकंदही लागत नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरची सरळ रेघ धरली तरी जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, मध्ये उपकरणं लागतात, त्यामुळे दहा मिलिसेकंद धरून चला. एक खातं उघडायला जुनं सॉफ्टवेअर अशा हजार फेऱ्या मारत असेल, तर जे क्षणात दिसायचं त्याला दहा सेकंद लागतील. काउंटरवर रांग असताना कारकून तुम्हाला काय म्हणेल ते मी लिहीत नाही. अशा सॉफ्टवेअरसाठी रिमोट डेस्कटॉपसारखी सोय करावी लागते, म्हणजे प्रोग्राम तिकडेच चालतो आणि इकडे फक्त पडदा येतो. ते सॉफ्टवेअरवाल्याकडून आधी करवून, चालवून पाहा.

त्याला जोडूनच दुसरी गोष्ट. आजवर मुख्य कार्यालयाचं इंटरनेट बंद पडलं तरी मुख्य कार्यालय चालू राहायचं, फक्त शाखा अडायच्या. सर्व्हर हलल्यावर मुख्य कार्यालय हीसुद्धा एक शाखाच होते. तेव्हा तिथं दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या हव्यात, आणि त्या एकाच खांबावरून आलेल्या नसाव्यात. पुरापासून सर्व्हर वाचवला आणि रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने संस्था बंद पाडली, असं व्हायला नको.

आता यंत्राकडे. पतसंस्थांत बरेचदा उभे, कपाटासारखे ‘टॉवर’ सर्व्हर असतात. ते रॅकसाठी बनलेले नसतात. काही मॉडेलना रॅकमध्ये बसवायचा जोडसंच मिळतो, बाकीचे शेल्फवर आडवे ठेवावे लागतात आणि चार-पाच ‘यू’ जागा खातात. यू हे रॅकच्या उंचीचं माप : एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. नेहमीचा रॅक ४२ यूंचा असतो, रुंदी १९ इंची. तुम्हाला अख्खा रॅक लागणारच नाही. रॅकचे तीन सर्व्हर, एक फायरवॉल, एक स्विच आणि थोडी मोकळी जागा, एवढ्याला पाव रॅक पुरतो, आणि अनेक ठिकाणी पाव किंवा अर्धा रॅक स्वतंत्र दारासह मिळतो. सर्व्हर जुने असतील तर ते तिकडे नेण्यापेक्षा दोन नवे रॅकचे सर्व्हर घेणं स्वस्त पडतं का, याचा हिशेब याच टप्प्यावर मांडा.

रॅकचे सर्व्हर असतील तर आजच भांडार उघडून त्यांच्या रेल शोधा. या दोन पोलादी पट्ट्यांवर सर्व्हर सरकतो. कार्यालयात सर्व्हर टेबलावर ठेवलेला असतो, रेल खोक्यात राहतात, आणि खोकं पुरात किंवा रद्दीत गेलेलं असतं. प्रत्येक मॉडेलची रेल वेगळी. दुसरी चालत नाही. डेटा सेंटरला विचारून घ्या, की रॅकच्या खांबांची भोकं चौकोनी आहेत की गोल, आणि पुढच्या-मागच्या खांबांत अंतर किती. चौकोनी असतील तर एम६ स्क्रू आणि केज नट सोबत घ्या, आणि लागतील त्याच्या दुप्पट घ्या. केज नट हातातून निसटून नको तिथं पडतो.

विजेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भाड्याचा मोठा भाग विजेवर ठरतो. सर्व्हरच्या मागे ७५० वॉट लिहिलेलं असतं. ती पॉवर सप्लायची कमाल क्षमता, प्रत्यक्ष खप नव्हे. प्लगला लावायचा मीटर आणा आणि महिनाअखेरीच्या कामाच्या दिवशी मोजा. समजा, सगळं मिळून एक किलोवॉट निघालं. दिवसरात्र चालणारं एक किलोवॉट म्हणजे महिन्याला ७२० युनिट, आणि थंडाव्याला लागणारी वीज त्यावर वेगळी. काही ठिकाणी मीटरप्रमाणे आकारणी होते, काही ठिकाणी जेवढे किलोवॉट राखून ठेवले तेवढ्यांचे पैसे, वापरा अथवा नका वापरू. न मोजता करार केलात तर न वापरलेल्या विजेचं भाडं भरत बसाल.

रॅकमध्ये वीज दोन वेगळ्या मार्गांनी येते, ए आणि बी. दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरची एक वायर इकडे, एक तिकडे. दोन्ही चालू असताना भार वाटला जातो, पण ए गेला की सगळा भार क्षणात बीवर. म्हणून एका मार्गाच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत दोन्हींचा मिळून भार बसला पाहिजे. १६ अँपिअरच्या मार्गातून २३० व्होल्टला सुमारे ३.७ केव्हीए मिळतात, त्याचे ८० टक्के म्हणजे जेमतेम ३. तुमच्या एका किलोवॉटला ते भरपूर. तुमची अडचण दुसरीकडे असेल : महागड्या सर्व्हरना दोन सप्लाय, पण ज्यातून सगळं बाहेर पडतं त्या छोट्या स्विचला आणि फायरवॉलला एकच. तो ज्या मार्गावर असेल तो गेला, की सर्व्हर चालू आणि संस्था बंद. याला उपाय म्हणजे दोन सप्लायची उपकरणं, किंवा दोन्ही मार्ग घेऊन आपोआप बदलणारा ट्रान्सफर स्विच.

आणि वायरी! सर्व्हरबरोबर आलेल्या वायरीच्या टोकाला आपला घरचा तीन पिनांचा प्लग असतो. रॅकमधल्या पीडीयूवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या उभ्या पट्टीवर, तसली भोकं बहुधा नसतात. तिथं सी१३ आणि सी१९ प्रकारचे सॉकेट असतात. सी१३मध्ये बसणाऱ्या सी१४ टोकाच्या वायरी आधी मागवा. दीडशे-दोनशे रुपयांच्या वायरीपायी गाडी घेऊन तुर्भ्याच्या बाजारात फिरणारी माणसं या धंद्यात सगळ्यांनी पाहिली आहेत. तुमचा यूपीएस मात्र सांगलीतच ठेवा. बहुतेक डेटा सेंटर ग्राहकाचा यूपीएस आत येऊ देत नाहीत, आणि त्याची गरजही नसते.

यानंतर सर्व्हर सांगलीतच असताना एक उद्योग करा. रविवारी, बॅकअप घेऊन झाल्यावर, सर्व्हर रीतसर बंद करून त्याचे प्लग उपटा. पाच मिनिटांनी परत लावा आणि हाताची घडी घालून बसा. बटण दाबायचं नाही. सर्व्हर आपोआप उठला पाहिजे, डेटाबेस सुरू झाला पाहिजे, शाखेतून लॉगिन झालं पाहिजे. निम्म्या वेळा तसं होत नाही. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी एक निवड असते आणि ती ‘बंदच राहा’वर ठेवलेली असू शकते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर यंत्र तारीख विसरतं आणि ‘पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ म्हणून काळ्या पडद्यावर वाट पाहत बसतं. पन्नासेक रुपयांची बॅटरी! तिन्ही सर्व्हरमध्ये नवी घाला. प्लग उपटण्याची ही परीक्षा सलग दोनदा पास झाल्याशिवाय गाडी बोलावू नका.

तरीही कधी ना कधी यंत्र अडकेलच. त्यासाठी चांगल्या सर्व्हरच्या मागे एक वेगळा नेटवर्क पोर्ट असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणतं, एचपीई आयएलओ. मुख्य यंत्र बंद असलं तरी हा छोटा संगणक जागा असतो. त्यातून दूरवरून बटण दाबता येतं, पडदा पाहता येतो. दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमच्याकडे त्याचा कोणता परवाना आहे. पडदा दाखवण्याची सोय बऱ्याचदा वरच्या, वेगळे पैसे मोजून घ्यायच्या परवान्यात असते. दुसरी, हा पोर्ट उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवायचा नाही. व्हीपीएनच्या मागे ठेवा, मूळचा पासवर्ड बदला. ज्याच्या हाती हा पोर्ट, त्याच्या हाती सर्व्हर.

कागदपत्रांना कमी लेखू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार डेटा सेंटरला ग्राहकाची खरी माहिती नोंदवून किमान पाच वर्षं ठेवावी लागते, म्हणून ते तुमच्याकडे नोंदणीची कागदपत्रं मागतील. त्याच निर्देशांनी तुमच्यावरही बंधनं येतात : लॉग १८० दिवस भारतात जपायचे, सर्व्हरची घड्याळं प्रमाणवेळेशी जुळती ठेवायची, सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली यादी करा. आत जाताना गेट पास तिच्यावरूनच होतो, आणि पुढे एखादं यंत्र बाहेर काढताना ती नसेल तर फाटकावर अडता. विक्री नसल्यामुळे मालासोबत डिलिव्हरी चलन लागेल, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिल. आपल्या सीएंना आधी विचारा. वाहतुकीचा विमाही काढा.

प्रवासात हार्ड डिस्क वेगळ्या काढून, कोणती कुठल्या खणातली हे लिहून, गुंडाळून न्या. त्याआधी पूर्ण बॅकअपच्या दोन प्रती काढा, आणि त्यातली एक दुसऱ्या यंत्रावर उतरवून खातेउतारा छापून पाहा. न उतरवलेला बॅकअप हा बॅकअप धरायचा नाही. या प्रती त्याच गाडीत ठेवू नका. आणि डेटा सेंटर म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात असू द्या. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळालं. ज्यांची दुसरी प्रत इतरत्र नव्हती त्यांचं सगळं गेलं. तुमची रोजची एक प्रत सांगलीत यायलाच हवी. फक्त तळमजल्यावर नको.

प्रत्यक्ष दिवशी काय? स्वेटर न्या, गंमत नाही. आत खोकी नेऊ देणार नाहीत. पुठ्ठ्याची धूळ आणि आगीची भीती, दोन्हींमुळे. बाहेरच्या खोलीत सगळं उघडावं लागतं. जड यंत्र सगळ्यात खाली. एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढायचा, नाहीतर रॅक पुढे झुकतो. सर्व्हर पुढून थंड हवा घेतो आणि मागून गरम सोडतो. काही स्विचची हवा मात्र उलटी वाहते. तसा स्विच गरम बाजूची हवा ओढत राहतो आणि मे महिन्यात अवेळी मान टाकतो. खरेदी करतानाच दिशा विचारा. रिकाम्या जागांवर झाकणपट्ट्या लावा. नेटवर्क पोर्ट असलेला लॅपटॉप आणि कन्सोल केबल घ्या, कारण आजकालच्या पातळ लॅपटॉपना तो पोर्टच नसतो.

वायरींच्या दोन्ही टोकांना आणि यंत्रांच्या पुढे-मागे ठळक नावं चिकटवा. पुढे कधी तिथल्या तंत्रज्ञाला फोन करून काम सांगावं लागेल (त्याला रिमोट हँड्स म्हणतात, आणि बहुधा वेळेप्रमाणे पैसे लागतात). तेव्हा ‘सांगली-२, मागची उजवीकडची निळी वायर’ एवढं सांगून काम व्हायला हवं. ‘मधला सर्व्हर’ म्हटलंत तर तो भलताच बंद करेल, आणि चूक तुमची धरली जाईल.

निघण्यापूर्वी इमारतीच्या बाहेर या, मोबाइलच्या इंटरनेटवरून एक सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. मग आत जाऊन आपल्या उपकरणांच्या ए मार्गाच्या वायरी काढा, लावा; मग बी मार्गाच्या. शाखेतल्या एकाला तेव्हा व्यवहार करत राहायला सांगा. त्याचा फोन आला नाही तर परत निघा.

प्रश्न : ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात रोज नवी डेटा सेंटर उभी राहताना दिसतात. एवढ्या दमट, उकाड्याच्या गावात थंडाव्याची गरज असलेला धंदा कशाला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : थंडावा विकत घेता येतो, समुद्राखालची केबल कुठेही वळवता येत नाही. जगाशी जोडणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालयं इथंच, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे मोठे भूखंड व भारी वीजजोडण्या पूर्वीच्या कारखान्यांमुळे होत्याच. पनवेलला योट्टा या कंपनीचं मोठं केंद्र २०२०मध्ये सुरू झालं तेही याच हिशेबाने. शिवाय यंत्रांना तुम्ही समजता तेवढी थंडी लागत नाही. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही अॅश्रे या अमेरिकी अभियंता संघटनेची शिफारस आहे. अनेक बँकांच्या शाखा याहून गार असतात. विजेचा प्रश्न मात्र खरा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. असल्या दिवसासाठीच डेटा सेंटरमध्ये आधी बॅटऱ्या भार उचलतात आणि काही सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू होतात. केंद्र निवडताना पूर्ण भाराला डिझेल किती तास पुरतं, ते विचारा.

प्रश्न : प्रत्येक डेटा सेंटर स्वतःला ‘टियर ३’ म्हणवतं. म्हणजे नेमकं काय, आणि त्यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टियरची ही प्रतवारी अमेरिकेतल्या अपटाइम इन्स्टिट्यूटची, एक ते चार. तीनचा अर्थ, विजेचा किंवा थंडाव्याचा कोणताही भाग दुरुस्तीला काढला तरी ग्राहकाची यंत्रं बंद पडू नयेत. त्यासोबत ९९.९८२ टक्के हा आकडा सांगितला जातो, म्हणजे वर्षाकाठी दीड तासाच्या आसपास खंड. पण तो हमीचा आकडा नव्हे. हमी काय ती तुमच्या करारात, आणि तीही बहुधा पुढच्या बिलात थोडी सूट एवढीच असते. प्रमाणपत्राचेही प्रकार आहेत. एक नकाशांना मिळतं, दुसरं प्रत्यक्ष बांधलेल्या इमारतीची चाचणी घेऊन. जाहिरातीत दोन्ही सारखीच दिसतात. तेव्हा प्रमाणपत्राची प्रत मागा, ती ‘डिझाइन’ची आहे की बांधलेल्या इमारतीची हे वाचा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरं केंद्र बघा; या पट्ट्यात त्यांची वानवा नाही.